कार्ट्रिजच्या तक्रारीसाठी फोन लावला आणि ४४,४९९ रुपये गेले

मी सांगलीत विश्रामबागला घरीच पाचवीच्या शिष्यवृत्तीचे क्लास घेते. परीक्षा फेब्रुवारीत, त्यामुळे जानेवारी संपता संपता मुलांना रोज एक सराव पेपर लागतो. एका पेपरला ७५ प्रश्न, वेळ दीड तास. बावीस मुलं. एवढ्या प्रती झेरॉक्सवाल्याकडे काढण्यापेक्षा घरचा प्रिंटर परवडतो, म्हणून चार वर्षांपूर्वी घेतला होता. एक काळं कार्ट्रिज, एक रंगीत.

त्या दिवशी दुपारी अडीचला काळं कार्ट्रिज बदललं आणि प्रिंटरवर लाल दिवा लुकलुकायला लागला. संगणकावर संदेश आला, कार्ट्रिज ओळखता येत नाही. काढून परत बसवलं. बंद करून चालू केला. तोच संदेश. साडेपाचला मुलं येणार, कोपऱ्यावरचं झेरॉक्स दुपारी बंद, आणि आमचे हे मार्केट यार्डात. मी नेटवर प्रिंटर कंपनीचं नाव टाकून ‘कस्टमर केअर नंबर’ शोधला. सगळ्यात वर जे आलं त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं लिहिलं होतं. ते मी नंतर पाहिलं. पानावर कंपनीचाच लोगो, तेच रंग, आणि मोठ्या अक्षरात मोबाइल नंबर.

पहिल्याच रिंगला फोन उचलला. हिंदीत बोलणारा, अतिशय अदबीचा माणूस. त्याने मॉडेल विचारलं, प्रिंटरच्या मागचा सीरियल नंबर वाचून घेतला. इतकं नीट विचारतोय म्हणजे कंपनीचाच असणार, असं मला वाटलं. मग त्याने संगणकावर एक अ‍ॅप टाकायला लावलं आणि त्यात दिसणारा नऊ आकडी नंबर मागितला. तो दिला आणि माझ्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप हलायला लागला. मी हात मागे घेतला.

त्याने संगणकातली एक यादी उघडली. तिच्यात लाल खुणांच्या ओळीच ओळी. “मॅडम, हे सगळे एरर. यामुळे तुमचं कार्ट्रिज अ‍ॅक्टिव्हेट होत नाही.” ही यादी विंडोजच्या प्रत्येक संगणकात असते, आणि अगदी ठणठणीत संगणकातही तिच्यात लाल ओळी असतातच. तुमच्याकडे कुणी ती दाखवून घाबरवायला लागला तर फोन ठेवा. मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं.

नोंदणीचे फक्त दहा रुपये, म्हणाला. कार्डाचे आकडे भरायला फॉर्म उघडून दिला. मग म्हणाला, प्रिंटर मोबाइललाही जोडून देतो, तेच अ‍ॅप फोनवर टाका. मी टाकलं. इथे मी थांबून सांगते, कारण मला भेटणारा प्रत्येक जण विचारतो की बाई, तुम्ही ओटीपी सांगितलाच कसा. मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. सांगावा लागलाच नाही. माझ्या फोनचा पडदा त्याला तिकडे दिसत होता, आणि येणारा प्रत्येक मेसेज माझ्याबरोबर तोही वाचत होता.

आधी २४,९९९ रुपये गेल्याचा मेसेज आला. मी ओरडलेच. तो शांतपणे म्हणाला, “चुकून झालं मॅडम, रिफंड टाकतोय, फोन ठेवू नका.” त्या रिफंडच्या बोलण्यात आणखी १९,५०० गेले. मग पडदा काळा झाला.

पुण्याला मुलीला फोन लावला. ती पहिलं वाक्य बोलली, “आई, आधी वायफायचं बटण बंद कर आणि मोबाइलचा डेटा बंद कर.” मग १९३० ला फोन करायला लावलं. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी क्रमांक आहे, तो आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा. त्यांनी खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारला. हे सगळं बँकेच्या मेसेजमध्ये असतं, म्हणून रागाच्या भरात मेसेज पुसू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. मधल्या वेळात मुलीने तिच्या फोनवरून बँकेला कळवून माझं कार्ड बंद करून घेतलं.

या धावपळीत गेलेल्या पैशांपैकी निम्म्याच्या आसपास वाचले म्हणा. नंतर गेलेले १९,५०० पुढच्या खात्यातून निघायच्या आत रोखले गेले. ते अजून हातात आलेले नाहीत, कागदपत्रं चालू आहेत. आधीचे २४,९९९ गेले ते गेलेच. बँकेतल्या ताईंनी रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम समजावून सांगितला. ग्राहकाच्या हातून कार्डाची गुप्त माहिती बाहेर गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजेने किंवा घरच्यांच्या भीतीने काढलेला एकेक तास आपल्याच खिशातून जातो.

आता त्या कार्ट्रिजचं. दुसऱ्या दिवशी प्रिंटर उचलून हरभट रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्या दादांकडे नेला. त्यांनी कार्ट्रिज उलटं धरून मला दाखवलं. पाठीवर तांब्याच्या रंगाचे बारीक ठिपके असतात, आणि त्यातल्या तीन-चारांवर निळसर शाई वाळून बसली होती. ती बसवताना माझ्याच बोटाची लागली असणार. याच ठिपक्यांतून प्रिंटरला कळतं की आत कोणतं कार्ट्रिज आहे. त्यांनी धागे न सुटणारं फडकं डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं केलं, ठिपके हलकेच पुसले, शाई जिथून सुटते त्या खालच्या पट्टीला हात लावला नाही. प्रिंटरच्या आतले समोरचे ठिपकेही, वायर काढून, तसेच पुसले. दहा मिनिटं वाळू दिलं. दिवा हिरवा. पैसे घ्यायला तयार नव्हते, मी बळेच शंभर दिले.

कार्ट्रिज ओळखता न येण्याची आणखी काही कारणं त्यांच्याकडून कळली. नव्या कार्ट्रिजवरची रंगीत चिकटपट्टी काढायची राहते, आणि पुष्कळदा मॉडेलला न चालणाऱ्या नंबरचं कार्ट्रिज आणलेलं असतं. शिवाय प्रिंटरने नेटवरून अपडेट घेतलं की दुसऱ्या कंपनीची चिप असलेलं कार्ट्रिज तो एकदम नाकारू शकतो. माझा प्रिंटर एचपीचा नाही, पण त्यांच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांबाबत सप्टेंबर २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं होतं, आणि टीका झाल्यावर कंपनीला ती अडवणूक काढणारं अपडेट द्यावं लागलं. यातल्या एकाही अडचणीला तुमच्या कार्डाचे आकडे लागत नाहीत. कंपनीचा खरा क्रमांक हवा असेल तर तो प्रिंटरच्या खोक्यावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत असतो, तिथून घ्या.

मुलांचा तो पेपर मी फळ्यावर लिहून घेतला, ७५ पैकी ४० प्रश्न झाले.

त्या पानाचीही तक्रार केली होती, आणि दोन दिवसांनी ते दिसेनासं झालं. परवा क्लासला येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांना सावध करायचं म्हणून मी तेच शब्द टाकून पुन्हा शोधलं. सगळ्यात वर तोच लोगो, तेच रंग, शेजारी बारीक अक्षरात ‘जाहिरात’. फोन नंबर तेवढा नवा होता.