पौल आणि गांधीजी: ख्रिस्त इतिहासात नसता तर?

येशू नावाचा माणूस झालाच नाही असे उद्या सिद्ध झाले, तर ख्रिस्ती श्रद्धेचे काय होईल, या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे मिळतात. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असे स्वच्छ म्हटले आहे; म्हणजे त्याच्या लेखी श्रद्धा घडलेल्या घटनेवर उभी आहे. उलट 1931 मध्ये लंडनहून परतताना बोटीवर गांधीजींनी सांगितले, की येशू कधी जगलाच नाही असे कोणी दाखवून दिले तरी डोंगरावरील प्रवचन, म्हणजे बायबलमधला येशूचा प्रसिद्ध उपदेश, आपल्यासाठी खरेच राहील.

गांधीजींची भूमिका मोहक आहे खरी, पण ती उपदेश मानणाऱ्याची आहे, उपासकाची नव्हे. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरीव कबुलीत, त्या प्रवचनातले एकही वाक्य नाही. तिथे आहे पंतय पिलाताचे नाव, म्हणजे येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या एका रोमन अधिकाऱ्याची कारकीर्द. याच पिलाताचे नाव कोरलेला चुनखडीचा दगड 1961 मध्ये आजच्या इस्रायलमधील कैसरिया येथे सापडला. (त्याने पिलात सिद्ध होतो, पुनरुत्थान नव्हे.)

येशूचे अस्तित्व बहुतेक इतिहासकार मान्य करतात, पण तेवढ्याने पौलाचे भागत नाही, कारण इतिहास त्याला वधस्तंभापर्यंत नेऊन सोडतो आणि त्याला रिकाम्या थडग्याच्याही पलीकडे जायचे असते. तरीही ख्रिस्ती माणसापुरते मला पौलाचेच म्हणणे अधिक प्रामाणिक वाटते.