जेनेरिक बेस क्लासखाली सबक्लास, की एकच जेनेरिक क्लास?

ऑर्डर, ग्राहक, इन्व्हॉइस, टाइप कुठलाही असो, डेटाबेसमधून वाचण्या-लिहिण्याचा कोड जवळपास सारखाच असतो. त्यासाठी दोन रचना समोर येतात. एक म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट जेनेरिक रिपॉझिटरी (हा वाचण्या-लिहिण्याचा कोड सांभाळणारा, टाइप नंतर ठरणारा बेस क्लास) आणि तिच्याखाली प्रत्येक टाइपचा सबक्लास. दुसरी म्हणजे एकच जेनेरिक क्लास, ज्याला टेबलाचं नाव आणि मॅपिंगचं (टेबलातल्या ओळीचं ऑब्जेक्ट बनवणारं) फंक्शन कन्स्ट्रक्टरमधून द्यायचं. मी दोन्ही वापरल्या आहेत.

सबक्लासची बाजू लंगडी नाही. जावामध्ये 2004 साली जेनेरिक्स आले ते टाइप इरेझर घेऊनच, म्हणजे कंपाइल करताना टाइप पॅरामीटर पुसला जातो. नुसत्या ऑब्जेक्टला त्याचा टाइप पॅरामीटर रनटाइमला विचारता येत नाही. पण सबक्लासच्या घोषणेत ‘ऑर्डर’ लिहिलं की ती नोंद क्लास फाइलमध्ये राहते आणि रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रॅममधून क्लासची माहिती तपासण्याच्या सोयीने) वाचता येते. जॅक्सन या जावाच्या जेसन लायब्ररीचा टाइप-रेफरन्स यावरच चालतो. सी शार्पमध्ये टाइप रनटाइमलाही शाबूत असतो, त्यामुळे तिथे हा फायदा उरत नाही. थकीत इन्व्हॉइस शोधण्यासारख्या खास क्वेरीला सबक्लासमध्ये हक्काची जागा मिळते, हेही खरंच.

माझं मन फिरवलं ते कन्स्ट्रक्टरने. क्वेरी एकदाच बांधावी म्हणून बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर ‘कॉलम कोणते?’ ही ॲबस्ट्रॅक्ट मेथड बोलावतो. दिसायला किती स्वाभाविक! पण जावामध्ये त्या क्षणी सबक्लासची फील्ड भरलेली नसतात. कॉलमची यादी थेट परत करणारे सबक्लास बिनतक्रार चालतात. ज्याची यादी स्वतःच्या एखाद्या फील्डवर अवलंबून असते, त्यालाच नल मिळतो. बेस क्लासचा कोड बरोबर, सबक्लासचाही बरोबर, आणि दोष दोघांच्या मधल्या क्रमात. असा दोष शोधणं फार जिकिरीचं असतं. भाषेगणिक वागणूकही वेगळी. सी शार्पमध्ये घोषणेतच किंमत दिलेली फील्ड आधी भरतात, पण कन्स्ट्रक्टरमध्ये भरलेली नाहीत. सी++ मध्ये सबक्लासची मेथड त्या टप्प्यावर बोलावलीच जात नाही. जावा 25 पासून सुपरच्या (म्हणजे बेस कन्स्ट्रक्टरच्या) कॉलआधी स्वतःची फील्ड भरता येतात, हे चांगलंच झालं. तरी सबक्लास लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते लक्षात ठेवावं लागतं.

दुसऱ्या रचनेत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण मॅपिंगचं फंक्शन तयार होऊनच आत येतं. किंमत आहे, पण वेगळी: कन्स्ट्रक्टरची यादी लांबते आणि खास क्वेरींसाठी जेनेरिक क्लास पोटात घेणारा छोटा क्लास वेगळा लिहावा लागतो. त्या चार ओळी जास्तीच्या लिहायला माझी हरकत नसते. टेस्ट करताना तर सोयच होते.

तुमची फ्रेमवर्क सबक्लासच मागत असेल, तर तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. फक्त बेस कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होणारी मेथड बोलावू नका. क्वेरी पहिल्या वापराच्या वेळी बांधा. निवड तुमच्या हातात असेल तर मात्र मी एकच जेनेरिक क्लास सुचवेन, आणि तो फायनल (सबक्लास करता न येणारा) ठेवायला सांगेन.