किचनमधल्या बुडांपासून पुन्हा भाजी: पाण्याचा ग्लास घ्यायचा की मातीची कुंडी, आणि लावायचं नक्की काय?

कांद्याचं बूड ग्लासात ठेवा, गाजराचा शेंडा बशीत ठेवा, बटाट्याचे डोळे मातीत पुरा, असे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर येतात आणि मग प्रश्न पडतो की हे खरंच करण्यासारखं आहे का, की बुडं सरळ घंटागाडीत टाकावीत. नाशकात राहणाऱ्यांना तर हा प्रश्न जास्तच पडायला हवा, कारण आपल्याकडे एका बाजूला लासलगावचा कांदा, दुसऱ्या बाजूला पिंपळगावचा टोमॅटो, गिरणाऱ्याकडून येणारा ताजा भाजीपाला, त्यामुळे किलोच्या हिशोबाने घरी काहीही उगवलं तरी बाजाराशी बरोबरी होणार नाही. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगते: ज्या गोष्टी रोज चिमूटभर लागतात पण विकत घ्यायच्या तर अख्खी जुडी घ्यावी लागते आणि अर्धी फ्रीजमध्ये सडते, त्याच घरी लावा. पोह्यांवर दोन काड्या पात, चहात गवती चहाचं एक पातं, चटणीपुरता पुदिना. बाकीचं हौस म्हणून करा, पण त्यातून भाजी निघेल असं धरून चालू नका.

आता ग्लास की कुंडी. दोन्हीतला फरक कळायला कांदाच बघा, कारण तो दोन्हीकडे उगवतो. कांदा चिरताना मुळाकडचं बूड साधारण इंचभर जाड ठेवून कापायचं आणि ग्लासात असं बसवायचं की पाणी फक्त खालच्या मुळांच्या चकतीला लागेल, अख्खं बूड बुडालं तर वरचे पापुद्रे बुळबुळीत होतात आणि वास सुटतो. तीन-चार दिवसांत खालून पांढरी दोऱ्यासारखी मुळं सुटतात, मधून हिरवा कोंब वर येतो आणि आठवड्याभरात कापण्यासारखी पात होते. हे सगळं होतं ते कांद्याने स्वतःसोबत बांधून आणलेल्या शिदोरीवर, पाण्यात त्याला खायला काहीच नसतं, म्हणून पहिली कापणी जोरदार, दुसरी बरी आणि नंतरची पात बारीक, लुळी पडत जाते आणि बूड पोकळ होतं. तेच बूड मुळं सुटल्यावर मातीत लावलं, थोडं कंपोस्ट घातलं, उन्हात ठेवलं तर पात जाड येते आणि बराच काळ येत राहते.

पण मातीत लावलं म्हणून खाली नवीन मोठा कांदा तयार होईल ही अपेक्षा ठेवू नका. कांदा मुळात दोन हंगामांचं पीक आहे, पहिल्या हंगामात गड्डा भरतो आणि दुसऱ्यात तो डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा काढून फुलावर येतो आणि बी धरतो. आपल्या हातात येतो तो पहिला हंगाम संपवलेला कांदा. म्हणून तर शेतकरी उळं, म्हणजे कांद्याचं बी टाकून रोपं करतात आणि मग लागवड करतात, बुडं लावत नाहीत.

आणखी एक, लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 मध्ये उभारलेलं विकिरण केंद्र आहे, तिथे कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांची प्रक्रिया करतात. असा प्रक्रिया केलेला कांदा खायला चांगलाच असतो पण त्याला पात येत नाही. तेव्हा एखादं बूड ढिम्म राहिलं तर दुसऱ्या ठिकाणच्या कांद्याचं घ्या.

ग्लासचा खरा फायदा जागेचा. भाड्याचा फ्लॅट आहे, बाल्कनी नाही, मातीचा राडा नको, तर खिडकीत ग्लास ठेवून पात मिळते. तोटा म्हणजे पाणी रोज नाहीतर एक दिवसाआड बदलायलाच हवं, एकतर वास येतो आणि दुसरं म्हणजे डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात आळस होणार असेल तर ग्लासच्या वाटेला जाऊच नका, कुंडी घ्या, आणि कुंडीखालच्या बशीतलं पाणीही ओतून देत जा.

कांदा की लसूण असं विचारलं तर कुंडी असेल तेव्हा मी लसूण सांगेन. कोंब आलेल्या पाकळ्या आपण तशाही बाजूला काढतो, त्या सोलायच्या नाहीत, टोक वर ठेवून दीड-दोन इंच खोल खोचायच्या. लसणाची ओली पात बाजारात हिवाळा सोडला तर सहज मिळत नाही आणि हिरव्या ठेच्यात तिची चव वेगळीच लागते. गड्डा हवा असेल तर मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लावा, त्याला आपली थंडी लागते आणि चार-साडेचार महिने थांबावं लागतं. इतर वेळी फक्त पात मिळेल.

पुदिना आणि कोथिंबीर लोक एकाच दमात बोलतात पण दोघांचं गणित एकदम उलटं आहे. पुदिन्याची पानं खुडून झाली की जाड काड्या फेकू नका. काडीला जिथून पानं फुटलेली असतात ती पेरं नीट बघा, खालच्या दोन-तीन पेरांची पानं काढून तेवढाच भाग पाण्यात ठेवला की बरोबर त्या पेरांतूनच मुळं सुटतात, आठ-दहा दिवसांत. मग मातीत लावायचा, स्वतंत्र कुंडीत, कारण तो शेजारच्याची जागा खातो. एप्रिल-मेमध्ये पारा 40 ला टेकतो तेव्हा अर्ध्या सावलीत सरकवा. एकदा लागला की विकत आणायची गरज राहत नाही.

कोथिंबिरीची मुळांसकट जुडी ग्लासात ठेवली तर ती चार दिवस टवटवीत राहते, इतकंच. परत भरगच्च वाढत नाही. तिच्यासाठी डब्यातले धणे घ्या, भाजलेले नकोत, हलकेच रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. उगवायला आठ-दहा दिवस, कापायला सव्वा महिना ते दीड महिना. उन्हाळ्यात ती पटकन फुलावर जाते, म्हणून थंडीत पेरा.

आलं की बटाटा? आलं. वेळ खूप घेतं, अक्षय तृतीयेच्या सुमारास लावलं तर काढायला आठ-नऊ महिने, पण मधे कडेची माती उकरून चहापुरता तुकडा काढता येतो आणि झाड तसंच राहतं. फुगीर डोळे असलेला तुकडा घ्या, कुंडी रुंद हवी, सावली थोडी आणि खाली भोकं नीट, नाहीतर जुलैच्या पावसात कंद कुजतो. बटाटा थंडीतच चांगला येतो, त्याला खोल पिशवी लागते, परत परत माती चढवावी लागते, आणि शेवटी जे निघतं ते बाजारातल्या भावापुढे फारच कमी. मुलांना दाखवायला लावणार असाल तर जरूर लावा, फक्त उन्हाने हिरवे पडलेले बटाटे खाऊ नका, त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं.

गाजर, मुळा, बीट यांच्या शेंड्यांना पाला येतो, खाली परत कंद येत नाही. मुळ्याचा आणि बिटाचा पाला भाजीत चालतो, पण बशीभर पाण्यातून येऊन येऊन किती येणार. कोबीच्या बुंध्याला चार पानं फुटतात. हे सगळं मी कंपोस्टच्या बादलीत टाकते, आणि वरच्या कुंड्यांना तेच खत लागतं. टोमॅटोचं बी उगवतं खरं, पण बाजारातले बहुतेक हायब्रीड, फळ तसंच येईल याचा भरवसा नाही.

गवती चहा मात्र नक्की आणा. घेताना भाजीवाल्या मावशींना सांगा की खालचा पांढरा गड्डा न कापलेली काडी द्या, वरची पानं चहाला वापरा आणि गड्डा पाण्यात ठेवून मुळं आली की मोठ्या कुंडीत लावा, वर्षानुवर्षं टिकतो.

सुरुवात कुठून करायची तर पावसाळा तोंडावर असेल तर पुदिना आणि गवती चहा, दिवाळीच्या आसपास असेल तर लसूण आणि धणे, उन्हाळ्यात आलं. बाल्कनीत तीन-चार तास ऊन येत असेल तर यातलं सगळं जमतं, आणि फक्त ओट्याजवळची खिडकी असेल तर कांद्याचा एक ग्लास ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बूड बदलत राहा.