मुऱ्हाचं भ्रूण की सेक्स सॉर्टेड कांडी?

हरियाणातनं तयार म्हैस न आणता गोठ्यात मुऱ्हा जातीचं रक्त आणायचं, तर हे दोन रस्ते: निवडक आई-बापाचं भ्रूण आपल्या म्हशीच्या पोटात ठेवायचं, नाहीतर रेडीच व्हावी म्हणून वेगळ्या काढलेल्या वीर्याची कांडी भरायची. मी दोन्ही करून बघितलेत.

रक्ताच्या हिशेबात भ्रूण पुढं, यात वाद नाही. आई-बाप दोन्ही निवडलेले, त्यामुळं गावठी म्हशीच्या पोटी एकदम अस्सल मुऱ्हा. कांडीनं पहिल्या पिढीत निम्मं, दुसरीत पाऊण. आणि म्हशीची एक पिढी म्हणजे तीन-चार वर्षं सहज जातात.

माझं घोडं अडलं ते सरोगेट, म्हणजे हे भ्रूण पोटात वाढवणाऱ्या म्हशीपाशी. भ्रूण साधारण सात दिवसांचं असतं, म्हणून म्हशीच्या माजालाही तेवढेच दिवस झालेले हवेत. त्यासाठी इंजेक्शनं देऊन चार-पाच जनावरं एका वेळी माजावर आणायची. ठरल्या दिवशी डॉक्टर अंडाशयावरचा पीतपिंड, म्हणजे गर्भ टिकवणारी गाठ, तपासतात, तो नीट नसला की "ही नको." म्हशीचा माज मुळात मुका, बाहेर फारसा न दिसणारा, त्यात एप्रिल-मेचं ऊन! माझ्याकडं निम्म्याहून जास्त म्हशी अशाच बाद व्हायच्या. बाद झालेली पुढच्या माजापर्यंत, म्हणजे अजून दोनेक आठवडे, रिकामीच. वैरण चालू, आणि दहा दिवसांच्या दूधबिलातनं पेंडीचे पैसे कापले जातातच.

ब्राझीलमध्ये मांसासाठीच्या नेलोर गाईंत भ्रूण मोठ्या प्रमाणावर वापरतात, पण तिथं कळपच शेकड्यांचा. चार बाद झाल्या तर पाच पुढं उभ्या. आमच्या कोल्हापुरात करवीर-कागलकडं तीन-चार म्हशींवर घर चालतं, तिथं हे कसं झेपायचं?

कांडीचं सोपं. माज दिसला की फोन करायचा. दहातल्या नऊच्या आसपास रेड्याच होतात. मात्र साध्या मात्रेत दोन कोटींच्या घरात शुक्राणू, तर हिच्यात वीसेक लाखच. वेळ चुकली की म्हैस उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते. म्हणून स्वच्छ माज दाखवणाऱ्या, व्यायल्यावर वार व्यवस्थित पडलेल्या म्हशीलाच ती भरावी. मुका माज इथंही छळतो, पण उलटली तरी एकच म्हैस अडकते, सगळा गोठा नाही.

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढणाऱ्यांनी या फंदात पडूच नये, असं मला वाटतं. चारचौघांत पान्हा सोडावा तो पंढरपुरी म्हशीनंच.

पंधरा-वीस जनावरं असतील, किंवा भावकीतले दोन-तीन गोठे मिळून करणार असाल, तर भ्रूणाचा विचार जरूर करा. फक्त ते काम थंडीच्या दिवसांत करा, आणि पैसे गाभण तपासणीनंतरच द्यायचे हे आधी बोलून घ्या.