आधी बूस्ट की आधी इनटेक? सोलापूरच्या उन्हात दोन्ही वापरून पाहिल्यावर

टर्बो पेट्रोल गाडी वर्षभर चालवली की पहिला खर्च कशावर करायचा हा प्रश्न येतोच. माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयवर मी आधी इनटेक, म्हणजे इंजिनची हवा घेण्याची वाट, बदलून ओपन कोन फिल्टर (उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) बसवला आणि दीड वर्षानं स्टेज १ रिमॅप केला, म्हणजे इतर भाग न बदलता इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर (मॅप) बदललं. आज पुन्हा सुरुवात करायची झाली, तर हा क्रम बदलेन.

कोन फिल्टरची मजा खरी आहे. पाय दाबला की टर्बोचा श्वास ऐकू येतो, सोडला की फुस्स. पहिला महिनाभर मी गाणी लावलीच नाहीत. ताकद मात्र मूळ मॅपवर फारशी वाढल्याचं मला जाणवलं नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवलेल्या टॉर्कपुरताच (फिरवण्याच्या जोरापुरताच) बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब, देतो. हवा मोकळी मिळाली तर टर्बोचे कष्ट कमी होतात, एवढंच.

माझा निर्णय झाला तो मे महिन्यात. दुपारी सात रस्ता चौकातून बाळे उपनगराकडे निघायचं, वाटेत सिग्नलवर सिग्नल, बाहेर बेचाळीस अंश. उघडा फिल्टर बॉनेटखालचीच हवा ओढतो, आणि ती रेडिएटर अन् टर्बोनं तापलेली असते. मूळ एअरबॉक्स (फिल्टरचा कंपनीचा बंद डबा) पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा घेतो. ती वाटच मी काढून टाकली होती. बाळे सोडून पुणे हायवेला लागावं, ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबावा, तर गाडी जड. हवा तापली की नॉकचा (इंधन अनियंत्रित पेटून इंजिनला बसणाऱ्या ठोक्यांचा) धोका वाढतो, म्हणून ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि ताकद घटते. पुढचं पाकणी गाव येईतो गाडी हळूहळू पूर्वपदावर यायची. मूळ एअरबॉक्सवरही उन्हाळ्यात थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण इतका नाही, आणि इतका वेळ नाही. जिथं ताकद हवी नेमकी तिथंच ती नसणं मला सहन होईना. त्यात माझी गाडी यंत्रमागाच्या शेडसमोर उभी असते, कापसाचे बारीक तंतू फिल्टरच्या घड्यांत अडकायचे ते वेगळंच.

मूळ एअरबॉक्स परत बसवला, आत चांगला पॅनल फिल्टर (त्याच डब्यात बसणारा चपटा फिल्टर) टाकला आणि मग मॅपकडे वळलो. इथं घाई नको. आपल्याकडच्या १.८ ला ७ गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (तेलात न बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर, आणि इंजिनचा मूळ टॉर्कही तेवढाच. म्हणून ट्यूनरला मी स्पष्ट सांगितलं की खालच्या आरपीएमला टॉर्क वाढवायचा नाही, ताकद वरच्या टप्प्यात द्या. क्लचवरचा धोका त्यानं कमी होतो. संपतो असं मी म्हणणार नाही. मॅपआधी नवे प्लग, बूस्ट गळतीची तपासणी आणि व्हॉल्व्हवरचा कार्बन साफ करणं, ही तीन कामं केली. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनात हा कार्बन साठतोच. मॅप ९५ ऑक्टेनवर केलाय, त्यामुळे त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरत नाही; लांबच्या प्रवासात पंप आधी ठरवून ठेवतो. वरच्या गिअरात दीड हजार आरपीएमवर पूर्ण थ्रॉटल कधीच देत नाही, कारण सिलिंडरमधल्या इंधनानं ठिणगीआधीच पेट घेण्याचा धोका तिथंच जास्त असतो.

रिमॅपनं वॉरंटी जाऊ शकते, आणि विमा कंपनीला बदल कळवलेला बरा. ज्यांची वॉरंटी अजून बाकी आहे त्यांनी सध्या पॅनल फिल्टरवर थांबावं, असं मला वाटतं.

बाकीच्यांसाठी माझा कल संयमी मॅपकडे आहे. मॅप झाल्यावर भर उन्हात तुळजापूरच्या घाटात लॉग (ईसीयूतल्या आकड्यांची नोंद) घ्या आणि इग्निशन किती मागे जातंय ते बघा. त्यानंतरही इनटेक बदलावासा वाटला तर बंद डब्याचा घ्या, ज्याची नळी जाळीपर्यंत जाते असा. आवाज थोडा कमी मिळेल, पण बाळ्याच्या पुढे पाय दाबल्यावर गाडी उचल घेईल.