आवाजाचा छोटा आठ इनपुटचा मिक्सर, दहा महिन्यांनंतर: आवाजाआधी पिनांकडे बघा

चार माइक चॅनेल, दोन स्टीरिओ जोड्या, आत इको-रिव्हर्ब, यूएसबी आणि प्रत्येक चॅनेलला ६० मिलिमीटरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी). दादरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये हा मिक्सर जूनपासून चालू आहे: आठवड्यातून दोनदा भजनाचा सराव, गणपतीतले पाच दिवस आणि अधूनमधून ऑनलाइन प्रक्षेपण. पुढे दोन अॅक्टिव्ह (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर. या आकाराचे बहुतेक मिक्सर याच आराखड्याचे असतात, त्यामुळे खालच्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्या मॉडेललाही लागू पडतील.

आवाज स्वच्छ आहे. भजन, व्याख्यान, सुगम संगीत यांना याहून जास्त काही लागत नाही. दहा महिन्यांत ज्या अडचणी आल्या त्यांतल्या बहुतेक चुकीच्या भोकात घातलेल्या पिनेमुळे किंवा चुकीच्या ठिकाणी ठेवलेल्या गेनमुळे (चॅनेलमध्ये शिरतानाच सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) आल्या.

माइकच्या कॉर्डपासून सुरुवात करू. आपल्याकडे बरेच माइक अशा कॉर्डसह मिळतात की माइकच्या बाजूला एक्सएलआर (तीन टोकांची गोल पिन) आणि दुसऱ्या टोकाला मोठी मोनो पिन. ही पिन मिक्सरच्या लाइन भोकात बसते, आवाजही येतो, पण बारीक. लाइनचं भोक कीबोर्डसारख्या जोरदार सिग्नलसाठी असतं, तिथे सिग्नल आधीच सुमारे २० डेसिबल खाली आणलेला असतो. मग गेन पूर्ण फिरवला जातो आणि आवाजाबरोबर सूं सूं वर येते. दोष माइकला दिला जातो, खरी चूक कॉर्डची असते. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली कॉर्ड घ्या. लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) केबल मीटरवर घेऊन पिना डाखून (सोल्डर करून) मिळतात. १ नंबरला जाळी (तारांभोवतीचं आवरण), २ ला हॉट (सुलट सिग्नल), ३ ला कोल्ड (उलट सिग्नल), हे समोर उभं राहून मल्टिमीटरने तपासून घ्यावं. काही जण ३ नंबर १ ला जोडून मोकळे होतात. माइक तरीही चालतो, पण बॅलन्स्ड केबलचा, म्हणजे दोन तारांमधल्या फरकातून बाहेरची घरघर गाळण्याचा, फायदा जातो आणि लांब कॉर्डवर पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर ऐकू येते.

दुसरी चूक याहून फसवी आहे. मोबाइल किंवा लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्टीरिओ केबल घेऊन ती मोठ्या स्टीरिओ पिनेने माइक चॅनेलच्या लाइन इनपुटला लावली, तर ट्रॅकमधली वाद्यं ऐकू येतात पण गायकाचा आवाज गायब होतो. त्या भोकाला स्टीरिओ कळत नाही. ते टिप (पिनेचं टोक) आणि रिंग (त्यामागचं कडं) यांतला फरक घेतं. गायकाचा आवाज सहसा डाव्या-उजव्या बाजूला सारखाच असतो, म्हणून वजाबाकीत तो शून्य होतो. उरतो तो त्याचा रिव्हर्ब आणि कडेची वाद्यं. ट्रॅक बिघडलेला नसतो. छोट्या स्टीरिओ पिनेतून दोन मोठ्या मोनो पिना निघणारी केबल घ्या आणि ती ५-६ या स्टीरिओ जोडीला लावा. उलट इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची एकच मोनो पिन असेल तर ती ‘एल/मोनो’ लिहिलेल्या भोकातच घाला, म्हणजे आवाज दोन्ही बाजूंना जातो. ‘आर’ मध्ये घातली तर एकच स्पीकर बोलतो.

फँटम पॉवरचं, म्हणजे माइकला केबलमधूनच वीज देणारं, बटण सगळ्या माइक चॅनेलना मिळून एकच आहे आणि ही खरी उणीव आहे. हार्मोनियमच्या कंडेन्सर (वीज लागणाऱ्या) माइकसाठी ४८ व्होल्ट लावले की ते चारही एक्सएलआरवर जातात. नेहमीच्या डायनॅमिक (वीज न लागणाऱ्या) माइकला बॅलन्स्ड कॉर्डवर त्याने काही होत नाही. पण एक्सएलआरला कन्व्हर्टर लावून मोबाइल किंवा एखादं जुनं यंत्र जोडलेलं असेल, तर ४८ व्होल्ट त्याच्या तोंडावर जाऊ शकतात. असली जोडणी एक्सएलआरवर करूच नका. बटण दाबण्याआधी मेन फेडर खाली. बंद केल्यावरही माइक काढायला अर्धा मिनिट थांबा, कारण कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत.

आता गेन. सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घालवा. चॅनेलचा गेन पूर्ण कमी, फेडर खाली, पीएफएल (फेडरच्या आधीचा आवाज हेडफोन आणि मीटरवर आणणारं बटण) दाबलेलं. गायकाला ‘हॅलो, चेक’ म्हणायला लावून काही कळत नाही. तार सप्तकातली ओळ पूर्ण जोरात गायला सांगा. मीटर शून्याच्या आसपास खेळू लागेपर्यंत गेन वाढवा, जोराच्या जागी +६ पर्यंत गेला तरी चालेल. मग तिथून किंचित मागे या, कारण कार्यक्रमात माणूस चाचणीपेक्षा जोरातच गातो. पीएफएल बंद करा, फेडर शून्याच्या खुणेवर आणा आणि मग मेन वर घ्या. यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत गेनला हात नाही. गेन हलवला की हॉलबरोबर मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर), इको आणि रेकॉर्डिंग सगळंच हलतं. कमी-जास्त करायचं ते फेडरने.

पीएफएल दाबलेलं राहिलं तर हेडफोनमध्ये आणि मीटरवर तेवढाच चॅनेल येतो, बाकीचे मेले असं वाटतं. स्पीकर मात्र व्यवस्थित चालू असतात. हेडफोन गप्प आणि हॉलमध्ये आवाज, अशी स्थिती दिसली की आधी पीएफएलची बटणं बघा.

मेन आउटपुटच्या एक्सएलआर केबल स्पीकरला लावताना स्पीकरच्या मागचं माइक-लाइनचं बटण ‘लाइन’ वर आहे ना, हे बघा. माइकवर राहिलं तर मिक्सरचा मीटर हिरव्यात असूनही स्पीकर फाटतो. मिक्सर चालू करताना आधी मिक्सर, शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. उलट केलं की जो धडाका बसतो तो ट्वीटरला (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) सोसत नाही.

लो-कटचं बटण गाण्याच्या आणि निवेदनाच्या माइकवर कायम दाबलेलं ठेवा. त्याने खालचा गडगडाट आणि माइकवर श्वास आपटल्याचा ढप् आवाज जातो. डग्ग्याच्या माइकवर मात्र नको, त्याची घुमक तिथेच असते. लो, मिड आणि हाय ही तीनच बटणं आहेत, पण पुरतात. माइक शिट्टी मारायला लागला की सवयीने हाय कमी केलं जातं आणि शब्द अस्पष्ट होतात. आधी स्पीकर गायकाच्या पुढे सरकवा आणि माइक तोंडाजवळ आणा, बटणं नंतर. इको भजनाला थोडा चालतो, निवेदनाला अजिबात नको. मिक्सरला इको बंद करायचं वेगळं बटण आहे, ते माणूस बोलायला उभा राहिला की दाबा.

यूएसबीबद्दल घेण्याआधी नीट वाचा. यातून कॉम्प्युटरला फक्त तयार मेन मिक्स जातो, डावा आणि उजवा. प्रत्येक माइक वेगळा मिळत नाही. छोट्या हॉलमध्ये त्याने रेकॉर्डिंग एकांगी होतं: तबला आणि टाळ मुळातच जोरात ऐकू येतात म्हणून त्यांचे फेडर खाली असतात, आणि रेकॉर्डिंगमध्ये गळाच तेवढा उरतो. यावर एकच मार्ग सापडला. स्पीकरचा आवाज त्यांच्या मागच्या बटणाने कमी करा आणि मिक्स हेडफोनवर ऐकून बांधा. ऑनलाइन बैठकीत कॉम्प्युटरचा आवाज मेनमध्ये परत घेतला तर समोरच्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. यूएसबीचा आवाज कुठे जावा हे ठरवणारा स्विच ‘फोन्स’ (हेडफोन) वर ठेवा, ‘मेन’ वर नाही.

लॅपटॉप यूएसबीने जोडला, त्याचा चार्जरही लावला आणि घूंऽऽ सुरू झालं, तर चार्जर काढून बघा. थांबलं तर अर्थिंगचा फेरा आहे, म्हणजे यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेली आहेत. मिक्सर, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डवरून चालवा. तरीही राहिलं तर मिक्सर आणि स्पीकरच्या मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे देणारा) लावा. प्लगची अर्थिंगची पिन तोडणं हा उपाय नाही. तिथे माणसाला शॉक बसतो, आणि माइक ओठांशी असतो.

पावसाळ्यात मुंबईची हवा मिक्सरला भोवते. ऑगस्टमध्ये दोन नॉब फिरवताना खरखर करू लागले. मिक्सर बंद ठेवून प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवल्यावर एक सुटला. दुसऱ्याला कॉन्टॅक्ट क्लीनर लागला, तोही इलेक्ट्रॉनिक्सचा. बिजागरीचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे चालत नाही. त्याहून चकवणारा प्रकार इन्सर्टच्या भोकाचा, म्हणजे चॅनेलमध्ये बाहेरचं यंत्र मध्येच जोडायच्या जागेचा. त्यात काहीच लावलेलं नसताना चॅनेलचा आवाज आतल्या एका छोट्या पत्तीतून पुढे जातो. पत्तीवर थर जमला की पहिला चॅनेल अचानक बारीक होतो आणि पुन्हा आपोआप येतो. माइक बदला, कॉर्ड बदला, फरक नाही. इन्सर्टमध्ये मोठी पिन पंधरा-वीस वेळा आतबाहेर केली की पत्ती घासून साफ होते. कार्यक्रम तोंडावर असेल तर टिप आणि रिंग एकमेकांना डाखलेली एक स्टीरिओ पिन त्या भोकात घालून ठेवा, काम निभावतं. अशी एक पिन आता मिक्सरच्या पिशवीतच असते.

भोकं थेट आतल्या बोर्डावर डाखलेली आहेत. लांब, जड कन्व्हर्टर पिन त्यात लटकवली की टाके तडकतात, म्हणून कन्व्हर्टरऐवजी हव्या त्या पिनांची केबलच करून घ्या.

अॅडॉप्टर तीन पिनांचा आहे आणि त्यातून एसी बाहेर येतो, डीसी नाही. त्या एसीपासूनच मिक्सर आत अधिक आणि उणे असे दोन्ही पुरवठे तयार करतो. त्यामुळे हरवला तर व्होल्ट जुळणारा कुठलाही डीसी अॅडॉप्टर चालत नाही, आणि बाजारात तंतोतंत तसाच पटकन मिळत नाही. मिक्सर घेतानाच दुसरा मागून घ्या आणि दोन्हींवर मिक्सरचं नाव लिहून ठेवा.