पेट्रोलचा काटा बिघडला आणि न बदललेल्या मीटरचं बिल आलं

नागपुरात जुनी गाडी वापरत असाल आणि पेट्रोलचा काटा बिघडला असेल, तर गॅरेजात गाडी सोडण्याआधी हे वाचा.

माझी २००९ ची हॅचबॅक. टाकी फुल केली तरी काटा ‘ई’वरून हलेना. रिंग रोडवरच्या गॅरेजवाल्याने किल्ली फिरवली, काट्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "मीटर गेला न भाऊ तुमचा. टाकीतला फ्लोटबी गेला. दोन्ही बदलवा लागते." संध्याकाळी गाडी मिळाली, काटा चालू. बिल ७,२०० रुपये: मीटर सेट (डॅशबोर्डवरचे काटे आणि किलोमीटरचा आकडा असलेला अख्खा भाग), फ्लोट (टाकीत पेट्रोलवर तरंगणारा भाग), मजुरी.

पहिल्याच जोरदार पावसात काटा पुन्हा खाली. गॅरेजवाला फोन उचलेना, म्हणून कॉटन मार्केटकडच्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियनकाकांना गाडी दाखवली. त्यांनी मागची सीट उचलली. फ्लोट काढायला टाकीवरचं जे झाकण उघडावं लागतं, त्याचे स्क्रू गंजून बसलेले, त्यावरची मातीही जशीच्या तशी. "हे तर कोणी खोललंच नाही," काका म्हणाले. आणि मीटर सेट? नवा असता तर किलोमीटर दुसऱ्याच आकड्यावरून सुरू झाले असते. माझे जुन्या रीडिंगपुढेच गुमान चालू होते! बिघाड होता सीटखाली बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरीत. गॅरेजवाल्याने तिचं गंजकं टोक नुसतं पिळून त्यावर टेप मारला होता. म्हणजे दोष त्याला बरोबर सापडला होता, राग त्याचाच येतो. काकांनी टोक घासून नवं लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) बसवलं, दीडशे रुपये घेतले.

टाकीत पेट्रोल वरखाली होतं तसा फ्लोट हलतो, त्याच्या दांडीने रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) बदलतो आणि त्यावर काटा चालतो. तापमानाचा काटाही मेला असेल तर आधी फ्यूज आणि मीटरची सप्लाय बघायला सांगा. एकटा पेट्रोलचाच मेला असेल तर टाकीकडची वायरिंग. इग्निशन बंद करून फ्लोटचं सॉकेट काढायचं, मीटरकडे जाणारी वायर छोट्या बल्बमधून बॉडीला लावायची, मग इग्निशन चालू. काटा जागचा हलला की मीटर शाबूत. टाकी उघडी असताना मात्र हे अजिबात करू नका, ठिणगी पडते. हे सगळं तुमच्यासमोर होतं, त्याला फार वेळ लागत नाही. आणि बदललेला पार्ट परत मागा. मला "भंगारात गेला" असं उत्तर मिळालं होतं, हे आता आठवून हसू येतं.

फोटो घेऊन त्या गॅरेजात परत गेलो तर मालक म्हणाला, "काय करायचं ते करून घ्या." बिल कच्चं, पण पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.